मासेमारी होडी, वापरलेली : डागडुजी व सज्जता

मासेमारी होडी, वापरलेली : सु. ५ ते ९ मी. लांबीची, एक ते चार माणसांनी चालविण्याजोगी व पूर्वी मासेमारीसाठी वापरात असलेली होडी पुन्हा कामास योग्य करणे व तिच्यावर आवश्यक ती सामग्री चढविणे, या दोन कामांचा विचार या नोंदीत केला आहे. नवी होडी बांधून घेणे लहान मच्छीमाराच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर व राज्यातील जलाशयांवरही जुन्या होड्यांची खरेदी-विक्री नेहमी चालते. अशा व्यवहारात इंजिनाचा आवाज, जाळ्यांची संख्या आणि रंगाची टवटवी यांकडे प्रथम लक्ष जाते. होडीचे उरलेले आयुष्य मात्र पाण्याखाली राहणारा सांगाडा, त्यातील खिळे आणि फळ्यांचे सांधे यांवर ठरते. इंजिन बदलता येते, जाळे पुन्हा विणता येते. पण कुजलेल्या कण्यावर केलेला सर्व खर्च वाया जातो आणि प्रसंगी माणसाचा जीवही जातो. म्हणून डागडुजीसाठी जी रक्कम हाती असेल तिचा पहिला वाटा सांगाड्याचा मानावा.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लहान मासेमारी होड्यांचे प्रकार अनेक आहेत. उत्तरेस डहाणू–सातपाटी–वसई पट्ट्यात फळ्यांनी बांधलेल्या, उंच काठाच्या होड्या व मचवे प्रचलित आहेत. दक्षिणेस रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आंब्याच्या वा तत्सम झाडाचे खोड कोरून केलेल्या व बाजूस तोल सांभाळणारे तरते लाकूड (उलांडी) बांधलेल्या होड्या पूर्वी सर्रास दिसत. बांधणीच्या होड्यांत फळ्यांसाठी साग व ऐन, तर वाकड्या फासळ्यांसाठी बाभळीसारख्या झाडांची नैसर्गिक वाक असलेली लाकडे वापरतात. वाक असलेल्या लाकडाचे तंतू वळणाबरोबर जातात. सरळ लाकूड कापून काढलेली फासळी वळणाच्या जागी आडव्या तंतूंवर मोडते. दुरुस्तीच्या वेळी हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

चांगल्या सागाचे लाकूड किती टिकते याचे ठळक उदाहरण मुंबईतच घडले. वाडिया घराण्यातील कारागिरांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून तरती आहे. तथापि या दीर्घायुष्याचे सर्व श्रेय लाकडाला देणे योग्य होणार नाही. तिच्यावर वारंवार मोठी दुरुस्ती झाली आहे. लाकडी नौका ही एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हे. तिचे भाग झिजतात, बदलले जातात आणि हे बदल वेळेवर झाले तरच ती टिकते.

नाशाची कारणे : लाकडी होडीचे शत्रू मुख्यतः तीन : समुद्रातील लाकूड पोखरणारे प्राणी, बुरशी आणि गंज. यांची कार्यपद्धती वेगवेगळी असल्याने त्यांवरील उपायही वेगळे आहेत. एकावरचा उपाय कधीकधी दुसऱ्याला पोषक ठरतो.

लाकूड पोखरणाऱ्या प्राण्यांत नौकाकृमी (टेरेडो) सर्वांत घातक होय. नावाने कृमी असला, तरी तो शिंपल्याच्या जातीचा मृदुकाय प्राणी आहे. त्याची सूक्ष्म डिंभके खाऱ्या पाण्यात तरंगत असतात. ती लाकडावर बसून टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडतात व आत शिरतात. पुढे प्राणी वाढतो तसतसे बीळ आतल्या आत रुंद होत जाते. बाहेरचे छिद्र मात्र तेवढेच राहते. परिणामी वरून धड दिसणारी फळी आतून मधाच्या पोळ्यासारखी पोकळ झालेली असते. उष्ण कटिबंधातील समुद्रात असंरक्षित लाकूड काही महिन्यांत निकामी होऊ शकते. होडी किनाऱ्यावर ओढून वाळविल्यास हे प्राणी मरतात. पण त्यासाठी एखाद-दुसरा दिवस पुरत नाही. प्राण्याजवळ छिद्राचे तोंड बंद करणाऱ्या चुनखडीच्या दोन पट्ट्या असतात. त्या मिटून घेऊन तो बिळातील ओलाव्यावर बरेच दिवस तग धरतो. याच कारणाने होडी थोडा काळ नदीच्या गोड्या पाण्यात नेऊन ठेवली, तरी त्याचा नाश होईलच असे नाही.

नौकाकृमीची आणखी एक सवय उपयोगी पडते. तो सहसा एका लाकडातून सांधा ओलांडून दुसऱ्या लाकडात जात नाही. म्हणून तळाच्या कण्याखाली (पठाणाखाली) एक स्वतंत्र जाड पट्टी ठोकतात व दोहोंमध्ये डांबर लावलेल्या नमद्याचा किंवा कापडाचा थर घालतात. वाळूत ओढताना होणारी झीज आणि किड्याचा हल्ला, दोन्ही ही पट्टी सोसते आणि दर काही वर्षांनी ती बदलता येते. जुन्या होडीला अशी पट्टी नसेल, तर ती बसविणे ही डागडुजीतील सर्वांत कमी खर्चाची व सर्वाधिक फलदायी बाब म्हणता येईल.

कुजण्याचे कारण बुरशी हे होय. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी असेल, तर बुरशी वाढत नाही. सतत पाण्यात पूर्ण बुडालेल्या लाकडातही हवेअभावी ती फारशी वाढू शकत नाही. धोका असतो तो कायम दमट, पण हवा पोहोचणाऱ्या जागी. शिवाय खारे पाणी बुरशीला रोखते, तर गोडे पाणी तिला पोसते. मासेमारी होडीत हे गोडे पाणी दोन वाटांनी येते : पावसातून आणि बर्फातून. मासळीच्या पेटीतील वितळलेला बर्फ रोज तळात झिरपतो. परिणामी समुद्राच्या पाण्याने भिजणारी बाहेरची बाजू सुस्थितीत आणि पेटीखालची आतली फळी मात्र कुजलेली, अशी स्थिती वारंवार आढळते. पूर्वी काही देशांत फासळ्यांच्या मधल्या जागेत मीठ भरून ठेवण्याची पद्धत होती, ती याच अनुभवातून आली.

तिसरे कारण गंज. लोखंडी खिळा गंजला की फुगतो व भोवतीचे लाकूड फाकवितो. लोह व लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने खिळ्याभोवती काळे वलय दिसू लागते आणि तेथील लाकूड मऊ पडते. मग खिळा जागेवर असतो, पण तो काहीच धरून ठेवीत नाही. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू जवळ आल्यास क्षरण आणखी वाढते. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला कृमींपासून संरक्षण म्हणून तांब्याचा पत्रा ठोकला. कृमींचा उपद्रव थांबला, परंतु तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे झपाट्याने झिजल्याचे पुढील तपासणीत दिसून आले. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी तांब्याला जस्त वा लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याचे क्षरण थांबविण्याची युक्ती सुचविली. आज इंजिनाच्या दांड्याजवळ बसवितात ते जस्ताचे ठोकळे याच तत्त्वावर काम करतात. लोखंडी खिळ्यांच्या जुन्या होडीत दुरुस्तीच्या जागी ‘अधिक चांगले’ म्हणून तांब्याचे खिळे ठोकणे हे त्यामुळे शहाणपणाचे नाही. पूर्वी लोखंड असल्यास जस्तलेपित लोखंडच वापरावे.

तपासणी : होडी शक्यतो दोनदा पाहावी, एकदा पाण्यात व एकदा कोरड्यावर. पाण्यात असताना तळातील सर्व पाणी उपसून काढावे आणि किती वेळात पुन्हा किती साचते हे घड्याळ लावून पाहावे. कोरड्यावर आल्यानंतर तिच्याखाली शिरता येईल इतके टेकू द्यावेत. विक्रीपूर्वी नुकताच दिलेला रंग ही गुणवत्तेची खूण मानू नये. जाड रंगाखाली लांबी भरलेली छिद्रे व कुजका भाग सहज झाकला जातो. संशयास्पद ठिकाणचा रंग खरवडून पाहण्यास विक्रेता नकार देत असेल, तर तो नकार हीच माहिती समजावी.

तपासणीची साधने साधी आहेत : लाकडी मोगरी, टोकदार चाकू किंवा टोचा, आरसा आणि विजेरी. मोगरीने ठोकत गेल्यास धड लाकूड खणखणीत वाजते व कुजके बद्द आवाज देते. टोचा तंतूंच्या आडव्या दिशेने दाबून उचकटावा : निरोगी लाकडाची लांब चिरफळी निघते, कुजक्याचा तुकडा पटकन मोडतो. अधिक लक्ष द्यावयाच्या जागा ठरलेल्या आहेत. पठाणालगतची पहिली फळी, नाळेचा पठाणाशी असलेला सांधा, पिछाडीच्या आडव्या फळ्यांचा खालचा भाग, डोलकाठीचे खोबण, इंजिनाखालचे ओंडके, मासळीच्या पेटीखालची जागा आणि फासळ्यांची खालची टोके या त्या जागा होत. दोन-चार खिळे काढून पाहावेत. खिळ्याची मान, म्हणजे फळी व फासळी यांच्या सीमेवरचा भाग, बारीक झालेली असेल, तर त्या रांगेतील सर्वच खिळे संशयास्पद होत. शेवटी होडीच्या मागे उभे राहून नाळेपर्यंत नजर टाकावी. पठाण मध्यभागी उचलला गेलेला व दोन्ही टोके खाली झुकलेली दिसल्यास सांगाडा थकला आहे असे समजावे. ही खोड दुरुस्तीने सहसा जात नाही.

किती दोष क्षम्य मानावेत, याचा काटेकोर नियम सांगता येत नाही. एखाद-दुसरी फळी व काही फासळ्या बदलणे नेहमीचे आहे. पठाण, नाळ आणि निम्म्याहून अधिक फासळ्या खराब असतील, तर होडी नव्याने बांधण्यासारखेच ते काम ठरते व जुन्या होडीत केवळ तिचा आकार तेवढा विकत घेतला जातो. कोकणातील अनुभवी मिस्त्री होडी पाहून हा निर्णय थोड्या वेळात देतात. त्यांच्या मजुरीत काटकसर करू नये.

फळ्यांची दुरुस्ती : खराब फळीचा तुकडा काढताना तो फासळ्यांच्या मध्यावर संपेल असा न कापता पुरेसा लांब काढावा. शेजारशेजारच्या दोन फळ्यांचे जोड एकाच रेषेत येऊ नयेत. त्यांत किमान तीन फासळ्यांचे अंतर असावे. जोड तिरपा करावयाचा झाल्यास तिरप्या भागाची लांबी फळीच्या जाडीच्या किमान आठ पट ठेवावी. म्हणजे २५ मिमी. जाडीच्या फळीस २०० मिमी. लांबीचा तिरपा जोड लागतो. नवे लाकूड चांगले वाळलेले असावे आणि त्याच्या कापलेल्या टोकांना, खिळ्यांच्या छिद्रांना व जुन्या लाकडाशी टेकणाऱ्या पृष्ठांना बसविण्यापूर्वीच संरक्षक तेल पाजावे. टोकाकडील उघड्या तंतूंतून पाणी बाजूपेक्षा कितीतरी वेगाने शिरते, म्हणून टोकांची उपेक्षा महाग पडते.

सांधे भरणे : जुन्या होडीच्या डागडुजीत हे काम सर्वांत जास्त बिघडविले जाते. अनेक महिने उन्हात पडलेल्या होडीच्या फळ्या आकसतात व सांध्यांतून उजेड दिसू लागतो. नवखा मालक त्या फटी कापसाच्या पेळूंनी ठोकून गच्च भरतो. होडी पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात. फुगण्यास जागा न उरल्याने त्या खिळ्यांवर ताण देतात, फासळ्यांपासून सुटतात किंवा फासळ्याच मोडतात. होडी गळू नये म्हणून केलेल्या कामानेच ती गळू लागते. योग्य पद्धत अशी की, प्रथम ओली पोती टाकून व वरचेवर पाणी शिंपडून फळ्या हळूहळू फुगू द्याव्यात, उथळ पाण्यात दोन-तीन भरत्या घालवाव्यात आणि जे सांधे तरीही मिटत नाहीत तेवढेच बेताने भरावेत. भरणीसाठी कापसाचे सैल सूत वा काथ्या आणि त्यावर राळ व तेल यांचे मिश्रण किंवा शेंदूर, खडूची पूड व जवसाचे तेल यांची लांबी वापरण्याची रीत आहे. शेंदूर हे शिशाचे संयुग असून विषारी आहे. जुना रंग किंवा लांबी खरवडताना निघणारी धूळ श्वासावाटे जाऊ नये म्हणून पृष्ठभाग ओला करून खरवडावा, नाक-तोंड झाकावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या बांधणीत फळ्यांच्या कडा नुसत्या एकमेकींना टेकविलेल्या नसत. कडांना परस्परांत बसणाऱ्या खाचा पाडून त्यांत कापूस व राळ घालून त्या दाबून बसवीत. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय प्रवाशांनी सुरत व मुंबई येथील जहाजांच्या या खाचबंद जोडांची प्रशंसा केली आहे. अशा जोडाच्या होडीत बाहेरून पटाशी ठोकून सूत भरू नये. खाचेची पातळ ओठाळी तुटते व जोड कायमचा निकामी होतो. जुनी होडी कोणत्या रीतीने बांधली आहे हे जाणून घेतल्याशिवाय सांध्याला हात न लावणे बरे.

लेप व रंग : परंपरेने लाकडाला मुशी माशाच्या यकृताचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल किंवा डांबर यांचे हात देत. तेले लाकडात शिरून ओलावा रोखतात. काजूच्या टरफलांचे तेल त्वचेला भाजते, म्हणून ते हाताळताना काळजी घ्यावी लागते. पाण्याखालच्या भागाला शिंपले व शेवाळ चिकटू नये म्हणून क्यूप्रस ऑक्साइडयुक्त रंग देतात. तळावर वाढलेले शिंपले होडीचा वेग घटवितात व इंधनाचा खर्च वाढवितात. एकेकाळी अशा रंगांत वापरली जाणारी कथिलाची सेंद्रिय संयुगे शिंपल्यांना व इतर जलचरांना अपायकारक ठरल्याने २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने निषिद्ध झाली आहेत. जुन्या साठ्यातील स्वस्त डबा घेण्याचा मोह टाळावा. ॲल्युमिनियमच्या तळाला तांबेयुक्त रंग लावू नये. कोणताही रंग ओल्या लाकडावर टिकत नाही, आणि होडीच्या आतल्या बाजूस सर्व फटी बंद करणारा जाड रंग तर देऊच नये. लाकडातील ओलाव्याला बाहेर पडण्यास एक तरी वाट हवी.

जुन्या लाकडी होडीला काचतंतूंचे आवरण चढविण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. नव्या, कोरड्या लाकडावर हे आवरण उपयुक्त ठरते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) प्रक्रिया केलेल्या रबराच्या लाकडाच्या होड्यांना असे आवरण देऊन त्या यशस्वीपणे वापरून दाखविल्या आहेत. जुन्या होडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या लाकडात ओलावा व बुरशी आधीच असतात. आवरणाखाली ती कोंडली जातात आणि कुजणे वेगाने चालू राहते. वरून मात्र काहीच दिसत नाही. फळ्या हलत राहिल्याने आवरण सांध्यांवर चिरते व त्या चिरेतून नौकाकृमीही आत जातो. त्यामुळे असे आवरण म्हणजे दुरुस्ती नव्हे.

काचतंतूंची होडी : गेल्या काही दशकांत काचतंतू व रेझीन यांच्या होड्या मोठ्या प्रमाणात प्रचारात आल्या आहेत. त्यांना कृमी किंवा बुरशी लागत नाही, पण त्या अमर नाहीत. वरच्या गुळगुळीत थराखाली पाणी शिरून फोड येतात, आघाताने थर एकमेकांपासून सुटतात आणि पिछाडीच्या फळीत आतील लाकडी गाभा भिजून कुजतो. बाह्य इंजिन याच फळीवर टांगलेले असल्याने ती जागा नाण्याने ठोकून पाहावी. भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज आल्यास थर सुटले आहेत असे समजावे. दुरुस्तीत खराब भाग कापून भोवतीची कड जाडीच्या सु. बारा पट लांबीपर्यंत उतरती घासावी, पूर्ण वाळवावी व मगच नवे थर द्यावेत. पावसाळ्यातील दमट हवेत हे काम करू नये.

इंजिन : मुंबई राज्यात मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणास स्वातंत्र्यानंतरच्या काळात वेग आला. इतर अनेक किनाऱ्यांवर इंजिनासाठी नव्या आकाराच्या नौका बांधाव्या लागल्या. येथील मचव्यांचा आकार मात्र इंजिन बसविण्यास मूळचाच अनुकूल होता. किनाऱ्यावर आजही नौकेचा आकार सांगताना ‘एक सिलिंडरची’, ‘दोन सिलिंडरची’, ‘सहा सिलिंडरची’ अशी इंजिनावरून भाषा वापरतात, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात येते. लहान होडीस गरजेपेक्षा मोठे इंजिन बसविल्याने वेग फारसा वाढत नाही; वजन, कंपन व इंधन मात्र वाढते. जुनी होडी मोठ्या इंजिनाच्या कंपनानेच खिळखिळी झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

इंजिन व पंख्याचा दांडा एका रेषेत आणण्याचे अंतिम काम होडी काही दिवस पाण्यात राहिल्यावर करावे, कारण पाण्यात गेल्यावर सांगाड्याचा आकार किंचित बदलतो. दोन जोडचकत्यांमधील फट सर्व बाजूंनी सारखी असावी, १०० मिमी. व्यासाच्या चकतीस ०·१ मिमी. एवढाच फरक चालतो. दांडा जेथे तळातून बाहेर पडतो तेथील ग्लँडमधून चालू स्थितीत थेंबथेंब पाणी येणे इष्ट असते. ते पूर्ण बंद होईल इतका ग्लँड आवळल्यास दांडा तापून झिजतो. पाण्याखालच्या प्रत्येक छिद्राला झडप असावी आणि त्या मापाची लाकडी खुंटी झडपेजवळच दोरीने बांधून ठेवावी. झडप तुटल्यास खुंटी शोधण्यास वेळ नसतो.

सज्जता : होडी कोणत्या जाळ्यासाठी वापरावयाची हे ठरल्याशिवाय तिच्यावर काहीही बसवू नये. गलजाळे (तरते वा बुडते पडदेवजा जाळे) बाजूवरून ओढले जाते. त्यासाठी काठ गुळगुळीत, खिळ्यांची डोकी आत दबलेली आणि काठावर झीज सोसणारी बदलती पट्टी असावी. डोल जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभे राहते व त्याचा ओढा मोठा असतो, म्हणून दोर बांधण्याच्या खुंट्या फळीला न बांधता फासळ्यांपर्यंत नेलेल्या ओंडक्यात रोवाव्या लागतात. नुसत्या फळीत बसविलेली खुंटी ताणाच्या क्षणी फळीसकट निघून येते.

होडीच्या स्थैर्याचा विचार सज्जतेच्या वेळी बहुधा केला जात नाही. उन्हापावसासाठी उंच छप्पर, त्यावर जाळी, त्यावर पाण्याचे पिंप अशी भर पडत जाते आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. तळात मोकळे फिरणारे पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावते व कल वाढविते. त्यामुळे तळातील पाणी उपसणे ही केवळ स्वच्छतेची बाब नसून तोलाची आहे. पंप असला तरी बादली व उपसण्याचे भांडे ठेवावेच. जड वस्तू खाली व मध्यावर, आणि हलविता न येतील अशा बांधाव्यात. बाकांच्या खाली हवाबंद पिंपे किंवा फेसयुक्त प्लॅस्टिकचे ठोकळे घट्ट बांधल्यास पाण्याने भरलेली होडीही तरंगत राहते. ही व्यवस्था पुरेशी आहे की नाही हे शांत व उथळ पाण्यात होडी मुद्दाम भरून पाहावे. हा प्रयोग करणारे मालक फार थोडे आढळतात.

नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट लांब असावा व नांगराजवळ थोडी साखळी असावी. साखळीच्या वजनाने ओढ आडवी राहते व नांगर रुततो. आखूड दोराचा जड नांगर लांब दोराच्या हलक्या नांगरापेक्षा कमी भरवशाचा असतो. इंजिन बंद पडलेल्या होडीला किनाऱ्याच्या खडकांपासून वाचविणारे पहिले साधन नांगरच होय, म्हणून तो जाळ्यांखाली पुरून ठेवू नये. वल्ही, प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट, दिवे, होकायंत्र, शिट्टी, पिण्याचे पाणी आणि जलाभेद्य पिशवीत भ्रमणध्वनी ही किमान सामग्री होय. अधिक दूर जाणाऱ्या होडीस व्हीएचएफ बिनतारी संच (संकटकाळी १६ क्रमांकाची वाहिनी) हवा. भारतीय तटरक्षक दलाचा शोध व बचावासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५५४ होडीवर रंगाने लिहून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकण किनाऱ्यावर आलेल्या फयान चक्रीवादळात मासेमारी नौका बुडाल्या व मच्छीमारांचे प्राण गेले. ऑक्टोबर–नोव्हेंबर आणि मे–जून हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे काळ आहेत आणि याच काळात हंगामाच्या प्रारंभीची व अखेरची मासेमारी चालते.

नोंदणी : होडी विकत घेतल्यावर मालकीतील बदलाची नोंद राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे करावी लागते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ (सुधारणा २०२१) अन्वये परवान्याविना मासेमारी करता येत नाही. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यात अतिरेक्यांनी पळविलेल्या मासेमारी नौकेचा वापर झाल्यापासून नोंदणी व ओळखपत्रांची तपासणी कडक झाली आहे. यंत्रनौकांना डिझेलवरील कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो. कागदपत्रे जुन्या मालकाच्या नावावर राहिल्यास तो अडतो.

अंतर्देशीय जलाशयांतील होड्या : समुद्रापासून दूरच्या भागातही वापरलेल्या होडीचा प्रश्न येतो, मात्र त्याचे स्वरूप पालटते. जालन्याच्या उत्तरेस भोकरदन तालुक्यात असलेले राजूर हे गणपतीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यात येते. या कोरडवाहू प्रदेशात मासेमारी मुख्यतः पाझर तलाव व धरणांच्या जलाशयांत चालते. मराठवाड्यातील सर्वांत मोठा जलाशय म्हणजे पैठण येथील जायकवाडी धरणाचा नाथसागर (१९७६). गोड्या पाण्यात नौकाकृमी नसतो, त्यामुळे किनाऱ्यावरून आणलेल्या लाकडी होडीवरील कृमींचा धोका संपतो. पण मिठाचे संरक्षणही संपते आणि कुजण्याचा वेग वाढतो. त्याहून मोठी अडचण पाणी आटण्याची. उन्हाळ्यात तलावाचा काठ दूर सरकतो, होडी तडकलेल्या गाळावर महिनोन्महिने पडून राहते आणि पहिल्या पावसानंतर ती घाईने पाण्यात लोटली जाते. वर सांगितलेली आकसलेल्या फळ्यांची सर्व संकटे येथे दरवर्षी उद्भवतात. अशा ठिकाणी काचतंतूंची किंवा पत्र्याची सपाट तळाची होडी अधिक सोयीची. पत्र्याच्या होडीत गंज आतल्या बाजूने, चिखल साचलेल्या कोपऱ्यांत सुरू होतो, म्हणून ती उलटी करून ठेवावी. पाण्याखाली गेलेल्या झाडांचे बुंधे तळाला धोका देतात. पाणी उतरलेले असताना त्यांच्या जागा पाहून ठेवणे उपयुक्त ठरते. जलाशय शांत दिसत असला, तरी विस्तीर्ण पाण्यावर वावटळीबरोबर आखूड व उभ्या लाटा अल्पावधीत उठतात आणि कमी काठाची होडी त्यांनी भरते. जीवरक्षक जाकिटाची गरज येथे समुद्राइतकीच आहे, वापर मात्र फारच कमी.

पावसाळी साठवण : किनाऱ्यावर यंत्रनौकांना अलीकडच्या वर्षांत सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीस बंदी असते. मेअखेरच्या उधाणाच्या भरतीचा फायदा घेऊन होड्या ओंडक्यांवरून वर ओढतात व नारळीच्या झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारतात. वर ओढल्यावर प्रथम तळ गोड्या पाण्याने न धुता समुद्राच्याच पाण्याने धुवावा, चिखल व मासळीचे अवशेष काढावेत, तळाची बुचे उघडावीत आणि तळफळ्या उचलून ठेवाव्यात. होडी नाळेकडून थोडी उंच ठेवल्यास आत आलेले पावसाचे पाणी बुचातून निघून जाते. शाकारणी होडीला चिकटून नसावी; दोन्ही टोकांना वारा खेळेल एवढी जागा सोडावी. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळलेली होडी पावसापासून वाचते, पण स्वतःच्याच दमट हवेत कुजते. टेकू फासळ्यांच्या खाली द्यावेत, दोन फासळ्यांमधील फळीखाली नव्हे. इंजिनातील जुने तेल बदलून नवे भरावे, कारण वापरलेल्या तेलातील आम्लांमुळे बंद इंजिनाची झीज होते. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी पाण्यात उतरविण्याच्या सु. दोन आठवडे आधी शाकारणी काढून सांधे, खिळे व पठाणाखालची पट्टी यांची पुन्हा तपासणी करतात आणि तळाचा रंग अखेरच्या दिवसांत देतात.